जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन: आधी ओळंबा, मग गॅस कटर

आमची जीप १९७६ची, सीजे-३बी. वडिलांनी ती सासवडच्या बागेसाठी घेतली. अंजिराच्या पाट्या आणि सीताफळाची क्रेट पहाटे मार्केट यार्डात पोचवायची आणि परतताना खताची पोती आणायची, हे तिचं आयुष्य. मी चाळीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो, शेवटची बावीस भोसरीत. निवृत्त झालो आणि पहिलं काम म्हणून या जीपमधलं थकलेलं इंजिन काढून एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन बसवलं. अकरा रविवार आणि मधल्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या. पुतण्या मदतीला होता. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, कटर आणू का?” मी म्हटलं, आधी ओळंबा आण. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनाही माझं पहिलं सांगणं तेच आहे.

पण ओळंब्याच्याही आधी कपाटातलं आरसी बुक काढा. इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. आमची गाडी मूळची पेट्रोलची, पण आधीच्या मालकानं त्यात ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल बसवून रीतसर नोंद करून घेतली होती. म्हणून माझं काम डिझेलच्या जागी डिझेल एवढंच ठरलं, आणि तरीही नव्या इंजिन नंबरासाठी आधी परवानगीचा अर्ज केला. ज्यांच्या आरसीवर पेट्रोल आहे त्यांनी परवानगी मिळेलच असं धरून इंजिन विकत घेऊन ठेवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंद वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. बॅटरी, सीएनजी, एलपीजीच्या किटची तरतूद त्या कलमात नावानिशी आहे, डिझेलचं नाव नाही. विनापरवाना बदलाला कलम १८२अ खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुण्याच्या नोंदणीची गाडी असेल तर संगम पुलाजवळचं आरटीओ, एमएच-१४ असेल तर मोशी. तिथे लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. विमा कंपनीलाही कळवा. विम्याच्या कागदावर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, अशा अवस्थेत अपघात झाला तर हाल तुमचेच.

आता इंजिन कुठलं निवडायचं? पुण्याच्या बाजारात जुन्या जीपसाठी तीन नावं कानावर पडतात. पहिलं एक्सडीपी ४.९०, प्युजोच्या घराण्यातलं, महिंद्रानं एमएम ५४०मध्ये दिलेलं. चार सिलिंडर आणि नव्वद मिलिमीटर बोअर, म्हणून ४.९०. स्ट्रोक ८३, म्हणजे २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर. दुसरं एमडीआय ३२००. बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६, २५२३ सीसी, ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या वंशातलं, डायरेक्ट इंजेक्शनचं. तिसरं आपल्या आकुर्डीचं, टेंपो ट्रॅक्समध्ये येणारं ओएम ६१६, मर्सिडीजच्या परवान्याखाली बनलेलं, २.४ लिटरचं.

एमडीआयला तोड नाही, जर तुम्हाला शेतात ट्रॉली ओढायची असेल. खालच्या आरपीएमला ते बैलासारखं ओढतं. पण ते जड आहे, हादरतं, आणि ३२०० आरपीएमच्या पुढे त्याच्याकडून काही मागायचं नाही. ओएम ६१६ला मी मनापासून मानतो, टायमिंग चेन असलेलं दमदार इंजिन आहे. पण ते जीपच्या गिअरबॉक्सला जोडायचं तर ॲडॅप्टर प्लेट आली, वेगळं फ्लायव्हील-क्लच आलं. लेथ-मिलिंग हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. एक्सडीपी जीपच्याच घरातलं आहे. ५४०मधून इंजिन, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लच झाकणारं घर), केएमटी ९० गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) असा पूर्ण संच मिळाला तर निम्मं काम झालं. माझ्या जीपला लोणी काळभोरपर्यंत हायवेही चालायचा होता आणि दिवे घाटही चढायचा होता, म्हणून मी एक्सडीपी घेतलं.

संच घेताना सुटे-सुटे भाग गोळा करू नका. नाना पेठेत फिरलात तर सगळं मिळतं, पण एकेक करून घेतलेला सेल्फ, पंप, माउंटिंग, स्टॉप केबल, हीटर प्लगचा रिले यांची किंमत शेवटी संचाहून जास्त होते. इंजिन चालू करून दाखवणाऱ्याकडूनच घ्या, आणि ते थंड असतानाच पोचा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. तिथून आगगाडीसारखा धूर येत असेल तर रिंगा गेल्या. पाण्याच्या टाकीत बुडबुडे बघा. एक्सडीपीचं हेड ॲल्युमिनियमचं आणि लायनर ओले, म्हणजे थेट पाण्यात बसलेले असतात. एकदा उकळलेल्या इंजिनाचं हेड वाकतं, आणि वाकलेलं हेड प्लेन करून वर नवा गॅस्केट टाकून विकायला ठेवलेलं असतं. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याला डिझेलचाच गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही. माझ्या चार सिलिंडरना २४, २४, २३, २५ असे किलो आले. आकडा २०च्या वर हवा आणि चौघांत फरक थोडका हवा. फरक जास्त असेल तर बाकीचं सगळं चकाचक असलं तरी सोडून द्या.

त्याच फेरीत मी एक फुटका ब्लॉकही भंगाराच्या भावानं, किलोवर घेतला. वर झाकणं, आत काही नाही. पुतण्याला वाटलं काकांनी पैसे वाया घालवले. पण माउंटिंग बनवताना इंजिन पंचवीस वेळा आत-बाहेर करावं लागतं. दोन माणसांनी हलवता येणारा पोकळ ब्लॉक असला की चेन-पुलीला लटकलेल्या जड इंजिनाखाली हात घालून मापं घ्यावी लागत नाहीत, आणि वेल्डिंगचे टाके मारताना चांगल्या इंजिनाच्या बेअरिंगमधून करंटही जात नाही.

मापं जुनं इंजिन काढायच्या आधी घ्यायची. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा. चारही टायरमध्ये हवा सारखी, टाकीत नेहमीइतकं इंधन. क्रँक पुलीच्या मध्यातून ओळंबा सोडा, जमिनीवर खूण करा. ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजच्या मध्यातून दुसरी खूण, मागच्या ॲक्सलच्या पिनियनच्या (जिथे प्रॉपेलर शाफ्ट जोडला जातो त्या दातेरी दांड्याच्या) मध्यातून तिसरी. चासीच्या दोन्ही बाजूंपासून या खुणांची अंतरं लिहा. क्रँकच्या मध्याची चासीच्या वरच्या कडेपासूनची उंची लिहा. इंजिन मागे किती अंशांनी कललेलं आहे ते अँगल प्रोट्रॅक्टरनं बघा. आमच्याकडे आधीच्या माणसानं ट्रॅक्टरचं इंजिन दीड सेंटीमीटर डावीकडे बसवलं होतं, त्यामुळे माझ्या खुणा सरळ रेषेत येईनात. मग मी जुन्या इंजिनावर भरवसा सोडला, चासीची मध्यरेषा दोरीनं आखली आणि सगळं तिच्यापासून मोजलं. तुमचीही जीप अनेक हातांतून गेलेली असेल तर हेच करा.

सीजे-३बीचं बॉनेट उंच का, हे या कामात कळतं. तिचं मूळ हरिकेन इंजिन एफ-हेडचं, २१९९ सीसी. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे ते उंच झालं आणि बॉनेटही वर न्यावं लागलं. त्या उंचीचा आपल्याला फायदा होतो. वरून जागा भरपूर मिळते. अडचण खाली आणि पुढे-मागे येते. ८० इंचाच्या व्हीलबेसमध्ये ५४०चा संच माझ्याकडे ९० मिलिमीटरनं लांब भरला. ते ९० कुठे घालायचे हा या कामातला खरा प्रश्न. इंजिन पुढे ढकललं तर पंखा रेडिएटरला लागतो. ट्रान्सफर केस मागे नेली तर मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड होतो आणि त्याचा कोन वाढतो. मी इंजिन ३० पुढे घेतलं, ट्रान्सफर केस ६० मागे नेली. मागचा शाफ्ट कापून आखूड केला, पुढचा लांब केला, आणि दोन्ही बॅलन्स करून आणले. बॅलन्सिंगचे पैसे वाचवू नका.

शाफ्टच्या कोनाचा नियम साधा आहे. ट्रान्सफर केसचा आउटपुट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, फरक एक अंशाच्या आत. म्हणजे शाफ्टच्या एका टोकाच्या क्रॉसनं (सांध्यानं) पाडलेला झटका दुसरा क्रॉस पुसून टाकतो. समांतर नसतील तर ५० किलोमीटर वेगाला सीटखाली घरघर सुरू होते, आणि लोक बिचारे टायर बदलत बसतात. स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली पाचरी घालून पिनियन वर-खाली करता येतो.

फुटका ब्लॉक जागेवर धरला की पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल सोडून पुढच्या ॲक्सलचं हाउसिंग जॅकनं वर आणा, बंप रबराला टेकेपर्यंत. आता संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आणि पुढच्या डिफरन्शियलमध्ये निदान २५ मिलिमीटर राहिले पाहिजेत. ही तपासणी न करता बसवलेलं इंजिन पहिल्या मोठ्या खड्ड्यात संप फोडून घेतं. स्टिअरिंगचा रॉड आणि एक्झॉस्ट यांच्यातलंही अंतर आताच बघा.

माउंटिंगचे ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचे कापा, मग ६ मिलिमीटर प्लेटचे. रबर एमएम ५४०चेच वापरा. चासीवर थेट ब्रॅकेट चिकटवू नका. आधी शंकरपाळ्याच्या आकाराची पॅच प्लेट लावा, म्हणजे वेल्डिंगची रेघ चासीला आडवी काटकोनात जाणार नाही. आडव्या रेघेवरच चासी तडकते. छोटे छोटे टाके घालत, थांबत थांबत वेल्ड करा. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढून मगच.

आता त्या गोष्टीकडे येतो जी मेकॅनिक मंडळी सर्रास सोडून देतात, आणि जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकच असला पाहिजे. बोल्ट बसले म्हणजे मध्य जुळला असं नसतं. पहिल्या वेळी मीही बोल्ट बसले म्हणून पुढे गेलो. पाचशे किलोमीटरमध्ये तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला आणि क्लच सोडताना शिट्टी यायला लागली. अख्खा गिअरबॉक्स पुन्हा खाली घेतला. बेलहाउसिंग दुसऱ्याच इंजिनाचं निघालं. विकणाऱ्यानं संच म्हणून दिलेला संच नव्हता.

तपासायची पद्धत अशी. गिअरबॉक्स बाजूला, बेलहाउसिंग इंजिनाला पूर्ण आवळलेलं. क्लच काढून फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक बेस लावा आणि डायल गेजचं टोक बेलहाउसिंगच्या मागच्या भोकाच्या आतल्या भिंतीला टेकवा, म्हणजे जिथे गिअरबॉक्सचा कॉलर बसतो तिथे. हीटर प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हातानं फिरतं. एक पूर्ण फेरा फिरवा आणि काटा कुठून कुठे गेला ते बघा. तो आकडा प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असतो. माझा काटा ०.४६ फिरला, म्हणजे मध्य ०.२३ मिलिमीटरनं सरकलेला. काटा ०.१३च्या आत आणायचा. मी जुने डॉवेल (हाउसिंग जागेवर धरणाऱ्या पिना) काढले, बोल्टच्या भोकांत मिळणाऱ्या ढिलाईत लाकडी हातोड्यानं हलके ठोके देत हाउसिंग सरकवलं, आवळलं, पुन्हा फिरवलं. संध्याकाळी सहाला सुरुवात केली, साडेनऊला काटा ०.०८वर आला. मग त्याच जागेवर डॉवेलची भोकं एक साइझ मोठी रीम केली आणि नवे डॉवेल लेथवर करून घातले. त्यानंतर बेलहाउसिंगचा मागचा चेहराही तसाच तपासा, म्हणजे टोक भिंतीऐवजी सपाट बाजूवर. तिथे चूक असेल तर बर किंवा रंग खरवडा, मध्ये कागदाचे शिम घालू नका. पायलट बेअरिंग नवीनच टाका.

पेट्रोलची टाकी डिझेलसाठी वापरणार असाल तर पूर्ण उपसून, डिझेलनं खंगाळून, वाळवून घ्या. डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोलचा अंश त्याला मारतो. आणि पेट्रोलच्या जुन्या टाकीला रिटर्नचा नळ जोडायला वेल्डिंग करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ राहते. मी नवी टाकी करून घेतली. रिटर्न लाईन विसरू नका, आणि फिल्टर दोन लावा, पहिला पाणी वेगळं करणारा.

वायरिंगबद्दल थोडंच. कॉइल, डिस्ट्रिब्युटर गेले, त्यांच्या वायरी मुळापासून काढा, लोंबत्या ठेवू नका. हीटर प्लग चार मिळून ४० अँपिअरच्या वर ओढतात, त्यांना स्वतंत्र रिले, फ्यूज आणि जाड वायर. बॅटरी मोठी घ्या आणि इंजिन ते चासी अर्थिंगची जाड पट्टी लावा. डिझेलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, म्हणून ब्रेकला बूस्टर असेल तर व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर लागेल. आमच्या जीपला बूस्टर नाही, पण पुढे वजन वाढलं म्हणून चारही ड्रम, लायनिंग आणि सिलिंडर इंजिन सुरू करायच्या आधी नवे केले.

गिअरिंगचा हिशेब कागदावर करा. टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकला. आमचा ६.००-१६ टायर २ मीटर २० सेंटीमीटर चालतो. सीजे-३बीचं क्राउन-पिनियन ४३ आणि ८ दातांचं, म्हणजे ५.३८. टॉप गिअर सरळ, म्हणजे एकास एक. ३००० आरपीएमला ताशी ७३-७४ किलोमीटर येतात. एमडीआय २४००ला आरामात चालवलं तर हीच गाडी ५९वर अडकते. ३९ आणि ८ दातांचं, म्हणजे ४.८८चं टाकलं की ३०००ला ८१ मिळतात. मी ४.८८ घेतलं. बदलायचं तर पुढचं आणि मागचं दोन्ही. एकच बदललंत आणि फोर व्हील लावलंत तर ट्रान्सफर केसचे दात जातील.

पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. स्टॉप केबल ओढून धरून ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा, पण एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको. मग डिझेलच्या लाईनमधली एअर काढा. हाताच्या पंपानं फिल्टरच्या स्क्रूतून फेस थांबेपर्यंत, त्यानंतर पंपाचा स्क्रू, शेवटी इंजेक्टरचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ. एक माणूस एअर इनटेकपाशी सपाट फळी घेऊन उभा ठेवा. डिझेल इंजिन पळत सुटलं, म्हणजे आपोआप वेग वाढवत गेलं तर चावी काढून ते थांबत नाही, हवा बंद करावी लागते. हात लावायचा नाही, फळीच दाबायची. आमच्याकडे पुतण्या फळी घेऊन उभा होता. गरज पडली नाही. तिसऱ्या सेल्फला पांढरा धूर आला, दोन सिलिंडर धडधडले, मग चारही लागले. आई पडवीतून म्हणाली, “हा आवाज बाबांच्या वेळचा नाही, पण चांगला आहे.”

चाचणी दिवे घाटातच घेतली, मे महिन्यात, दुपारी दोनला. वडकीच्या पायथ्याला तापमानाचा काटा ८० अंशांवर, वर पोचेपर्यंत ९८. ते मला जास्त वाटलं. थर्मोस्टॅट काढून टाका असं चौघांनी सुचवलं. मी काढला नाही. थर्मोस्टॅट काढलं की थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि धूर वाढतो. दोष पंख्याचा होता, तो रेडिएटरपासून ५५ मिलिमीटर लांब होता आणि भोवती शराउड (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कडं) नव्हता. स्पेसर घालून अंतर २५वर आणलं, पत्र्याचा शराउड केला. पुढच्या रविवारी त्याच वेळेला, पुतण्या आणि चार पोती मागे टाकून चढलो. ८८च्या वर गेला नाही.

पाचशे किलोमीटरनंतर माउंटिंग, शाफ्टचे फ्लँज आणि बेलहाउसिंगचे बोल्ट पुन्हा आवळा, ऑइल बदला. पीयूसीला जुन्या डिझेल गाडीसाठी धुराची मर्यादा दर मीटर २.४५ आहे. नोझल तपासून बसवलेलं इंजिन त्यात येतं, आमचं १.६वर आलं. नव्या इंजिन नंबराची नोंद आरसीवर आल्याचा दिवस मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

तो फुटका ब्लॉक धायरीत माझ्या शेडमध्ये आहे, दोन्ही बाजूंना माउंटिंगच्या खुणांसकट. पुण्यात कुणी जीपमध्ये एक्सडीपी बसवत असेल तर घेऊन जा. सोबत डायल आणि मॅग्नेटिक बेसही देईन. काम झालं की परत आणून द्या, पुढच्याला लागेल.